राहुकालातले अकरा सौदे

मी राहुकाल मानत नाही. हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं नुंगंबाक्कममध्ये, गिंडीत, दोन लग्नमंडपांत आणि एकदा विमानातसुद्धा मोठ्या आवाजात उच्चारलं आहे. चेन्नईत असं बोलायला छाती लागते. इथे रोज दीड तास, प्रत्येक वारी वेगळ्या वेळी, अख्खं शहर हात आखडून बसतं. त्या वेळात कुणी नवी गाडी घरी आणत नाही, घराची किल्ली घेत नाही, मुलगी पाहायला जात नाही. मी मात्र एकोणीसशे चौसष्ट साली गिंडीच्या आमच्या स्प्रिंगच्या कारखान्यात भर राहुकालात नवी भट्टी पेटवली. ती इतकी छान पेटली की विझवायला दोन बंब बोलवावे लागले. बंबवाले राहुकाल संपल्यावर निघाले म्हणून निम्मं छप्पर गेलं. आता दोष माझा की त्यांचा, हे तुम्हीच ठरवा.

असा जो मी, जनकोजी राव, त्याने दोन हजार सात साली वीस रुपयांच्या स्टँप पेपरवर ‘मी राहुकाल कटाक्षाने पाळतो’ असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं. कारण तीनशे शेअर.

हे शेअर मला कारखान्याने निवृत्तीच्या वेळी दिले. त्यांची किंमत काय, हे मी कधी बघितलं नाही. कारण त्यांच्यामुळे मला वर्षातून एकदा भागधारकांच्या सभेत उभं राहून अध्यक्षांना प्रश्न विचारता यायचा. अध्यक्ष म्हणजे कार्तिकेय. तो माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला होता तेव्हा त्याला पान्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते मी दाखवलं. पुढे तो वर गेला, कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला गेला आणि आम्हा गिंडीच्या निवृत्त कामगारांचा दवाखाना मात्र कुठेच गेला नाही. तो नुसता बंद झाला. आमच्यातले चाळीसेक जण. कुणाला साखर, कुणाला दमा. शेअर फक्त माझ्याकडे. म्हणून दर सभेत मी उभा राहून विचारायचो, ‘दवाखान्याचं काय?’ मागच्या वर्षी कार्तिकेय तीनशे माणसांसमोर म्हणाला, ‘राव सार, पुढच्या वर्षी विचारा, ठोस उत्तर देतो.’ चाळीस म्हातारे ते उत्तर ऐकायला वर्षभर गोळ्या उधारीवर घेत थांबले होते.

आता मी चुकलो कुठे, ते सांगतो. कागदी शेअर संगणकात घालून घ्या, नाहीतर रद्दी होतील, असं सगळे म्हणू लागले. आमच्याच रस्त्यावर ‘लक्ष्मीक्लिक डॉट कॉम’ या कंपनीची शाखा उघडली होती. तिथला मॅनेजर दिनानाथ, नाशिककडचा. मला बघून म्हणाला, ‘या काका, बसा!’

बस्स, मी विरघळलो. आम्ही तंजावरचे मराठी. तीनशे वर्षं आमची भाषा तमिळच्या शेजारी राहते आहे, त्यामुळे महाराष्ट्रातला माणूस भेटला की आम्हाला माहेर भेटल्यासारखं होतं. त्याचं मराठी मला निम्मं समजायचं, माझं त्याला चतुर्थांश. उरलेल्याला आम्ही दोघंही जिव्हाळा समजायचो.

दिनानाथने एक जाड गठ्ठा पुढे केला. त्यात सव्वीस ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. ‘इथे सही, काका. इथे. इथे पण.’

मी म्हणालो, ‘वाचल्याबगर मी सही करत नाही.’

‘अहो, सह्या इथे करा, वाचा घरी. सगळं वेबसाइटवर आहे. शेवटी एका चौकोनात टिचकी मारायची, झालं!’

सह्या केल्या आणि घरी येऊन वाचायला बसलो. पडद्यावर काड्यापेटीएवढी एक खिडकी, आणि त्या खिडकीतून एक्केचाळीस पानं सरकवायची. मी ती नऊ दिवस मोठ्याने वाचली. आमच्या घरी काहीही मोठ्याने वाचायला घेतलं की अन्नपूर्णाबाई, म्हणजे आमची मंडळी, पोथी समजून समोर येऊन बसतात. चौथ्या दिवशी एकतिसावं कलम आलं: ‘ग्राहकाच्या खात्यात झालेला प्रत्येक व्यवहार ग्राहकानेच केला असे मानले जाईल; मग तो ग्राहकाने केलेला असो वा नसो.’

‘हें कसें?’ ती म्हणाली. ‘तुम्ही न केलेलें तुम्ही केलें म्हणून?’

‘वेदांत आहे तो,’ मी म्हणालो. ‘कर्ता वेगळा, करविता वेगळा.’

तिने हात जोडले. पुढे चव्वेचाळिसावं: कंपनी या अटी वाटेल तेव्हा बदलील, आणि बदल वेबसाइटवर टाकला की तो ग्राहकाला कळला असे मानले जाईल. बावन्नावं: कंपनीने पाठवलेलं पत्र ग्राहकाला पोचलं असे मानले जाईल, पोचो वा न पोचो. या पोथीत मानण्यावर फार भर होता. नवव्या दिवशी शेवटचं पान संपलं तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, ‘फलश्रुती कुठें?’ खाली चौकोन होता: ‘मला हे सर्व मान्य आहे.’ मी टिचकी मारली. तिने साखरेचा प्रसाद वाटला.

त्यानंतर दोन वर्षं मी घरबसल्या सौदे करत होतो. मोठे नव्हेत. दहा शेअर चहाचे घे, पाच सिमेंटचे वीक. कंपनीला माझ्याकडून महिन्याला एका डोशाएवढी दलाली मिळत असेल. आणि अट एकच, ती पोथीतली नव्हे, घरातली. राहुकाल लागला की अन्नपूर्णाबाई येऊन संगणकाचा कीबोर्ड उपटायची, देवघराच्या कपाटात ठेवायची आणि किल्ली कमरेला लावायची. मी ओरडायचो, विज्ञानाचे दाखले द्यायचो. ती म्हणायची, ‘तुम्ही मानूं नका. ह्या पेटीला मानूं द्या.’ म्हणजे मी राहुकाल मानत नव्हतो, पण माझा कीबोर्ड मानत होता. ही गोष्ट मी बाहेर कुणाला सांगितली नव्हती.

जून महिन्यात खालच्या मजल्यावरचा सेतुमाधव वर आला. हा रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त, पंचांग तोंडपाठ, आणि गेली तीस वर्षं राहुकालावरून माझ्याशी भांडणारा. आमच्या कारखान्याचे दोन शेअर त्याच्याकडेही आहेत. ते त्याने केवळ सभेत फराळाचं पाकीट मिळतं म्हणून घेतले. प्रश्न विचार म्हटलं तर म्हणतो, तोंडात वडा असतो.

‘जनकोजी, डिव्हिडंड आला?’ हातातला सात रुपयांचा कागद नाचवत त्याने विचारलं.

मला आला नव्हता. कारखान्याच्या कचेरीत फोन केला. तिथली बाई म्हणाली, ‘तुम्ही आमचे भागधारक नाही, सार. चार मेला तुम्ही तीनशेही शेअर विकलेत.’

मी लक्ष्मीक्लिकला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली.

‘तुम्ही जनकोजी रावच बोलताय याची खात्री करायची आहे, सर. तुमचा शेवटचा सौदा कोणता?’

‘जानेवारीत. चहाचे दहा.’

‘चूक, सर. शेवटचा सौदा चार मेचा आहे.’

‘तो मी केलेलाच नाही! त्याबद्दलच तर फोन केलाय!’

‘तुम्हाला तुमचा सौदा सांगता येत नाही, म्हणजे तुम्ही जनकोजी राव नाही. माफ करा, त्यांच्या खात्याची माहिती मी तुम्हाला देऊ शकत नाही.’

एकोणसत्तराव्या वर्षी मी, मी नाही ठरलो.

शाखेत गेलो. या खेपेला दिनानाथ ‘काका’ म्हणाला नाही, ‘सर’ म्हणाला. त्यावरूनच मी ओळखलं. एप्रिलमध्ये माझ्या खात्यात दहा सौदे झाले होते, भलभलत्या कंपन्यांचे, आज घे उद्या वीक. त्यात अठ्ठावन्न हजार बुडाले. ते वसूल करायला अकरावा सौदा म्हणून माझे तीनशे शेअर विकले, तरी नऊ हजार चारशे बारा रुपये माझ्याकडून येणं होतंच. सगळ्या पावत्या ई-मेलने मला वेळच्या वेळी पाठवल्या होत्या. तो पत्ता कंपनीनेच माझ्यासाठी उघडलेला होता, आणि तो मला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

‘पण हे सौदे केले कुणी?’

दिनानाथने पडद्याकडे बघितलं. ‘कलम एकतीसप्रमाणे, तुम्हीच.’

वेदांत इतका अंगावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

मग शेजाऱ्यांचे सल्ले. एक म्हणाला पोलिसांत जा. गेलो. इन्स्पेक्टर म्हणाले, ‘काय चोरीला गेलं?’ ‘शेअर.’ ‘कुठे ठेवले होते?’ ‘संगणकात.’ ‘संगणक आहे का घरी?’ ‘आहे.’ ‘मग चोरी कसली, सार?’ दुसरा म्हणाला ग्राहक मंचात जा. गेलो. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज वास घेतल्यासारखा लांबून बघितला. ‘शेअर घेणारा-विकणारा ग्राहक नसतो, व्यापारी असतो. तुम्ही दोनशे चौदा सौदे केलेत, तुम्ही तर मोठे व्यापारी.’ त्या दोनशे चौदा सौद्यांत मी एकूण सहाशे रुपये कमावले होते, पण कारकुनाने ‘मोठे व्यापारी’ म्हटल्यावर क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोला. शेवटी कळलं की शेअर बाजाराच्याच चेन्नई कचेरीत लवाद असतो. तिथे अर्ज पाच प्रतींत द्यायचा. मी पाच प्रती दिल्या. सहावी कुठे, म्हणून परत पाठवलं. सहावी ही पाच प्रती मिळाल्याची पोच लिहायला लागते.

लवादापुढे पुरावा काय देणार? मी केलं नाही, हे कसं दाखवणार? न केलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. सभा सप्टेंबरच्या अठ्ठावीसला. निवृत्त कामगारांतला सुब्बा, आमचा जुना लोहार, एक दिवसाआड जिना चढून वर यायचा, दम लागून पाच मिनिटं बोलायचाच नाही, आणि मग म्हणायचा, ‘सार, यंदा विचारणार ना?’ मी म्हणायचो, विचारणार.

एका सकाळी मी अकरा सौद्यांची यादी टेबलावर पसरून बसलो होतो. सेतुमाधव पेपर मागायला आला आणि खांद्यावरून डोकावला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटलं याचे दोन शेअर वधारले.

‘जनकोजी! बुधवार, बारा वाजून वीस. गुरुवार, दोन वाजून पांच. शुक्रवार, अकरा दहा. मंगळवार, तीन वाजून बारा. अरे, हें सगळें राहुकालांत की!’

‘योगायोग.’

‘अकरा वेळां? आणि सोमवारचा एकही नाही. कां नाही? सोमवारीं राहुकाल नऊलाच संपतो, बाजार उघडायच्या आधीं! तुझे आपले दोनशें चौदा काढ बघूं.’

काढले. दोनशे चौदांतला एकही राहुकालात नव्हता. एकही. सेतुमाधवाने दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. तीस वर्षांचा वाद माझ्या टेबलावर छापील स्वरूपात पडला होता.

‘म्हणजे तूं... पाळतोस?’

आतून अन्नपूर्णाबाई बाहेर आली आणि तिने कीबोर्डाची गोष्ट, कपाट आणि किल्लीसकट, सविस्तर सांगितली. सेतुमाधव खुर्चीत बसला आणि रडेपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, ‘हाच पुरावा. द्यायचाच.’

मी म्हटलं, ‘माझी बायको पाळते’ असं लिहून देतो. स्टँप पेपर लिहिणारा वकील म्हणाला, चालणार नाही. ती पाळते, पण तुम्ही ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन सौदा केला असेल. ‘मी पाळतो, श्रद्धेने पाळतो, वडिलांपासून पाळतो’ असं पाहिजे. मी म्हटलं, माझे वडील तर माझ्याहून वाईट होते. तो म्हणाला, सार, शेअर पाहिजेत की वडील? मी सही केली. शिक्का मारायच्या वेळी नोटरीने घड्याळ बघून हात मागे घेतला. ‘तीननंतर या. आत्ता राहुकाल आहे.’ राहुकाल पाळतो असं लिहिलेला कागद मी राहुकालात घेऊन आलो होतो. तो माझ्याकडे संशयाने बघत होता.

लवाद म्हणून विशालाक्षी अम्मा होत्या, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. छोटी मूर्ती, मोठा चष्मा. लक्ष्मीक्लिकचा वकील मुंबईहून आला होता. त्याने आधी सांगितलं की कलम साठप्रमाणे हे भांडण मुंबईतच चालायला हवं. अम्मा म्हणाल्या, ‘मग तुम्ही मुंबईला जा. मी इथे ऐकते.’ तो बसला.

मग त्याने एकतिसावं कलम वाचलं. मी पंचांग आणि दोन्ही याद्या पुढे ठेवल्या. अम्मांनी एकेक तारीख बोटाने जुळवली. पंचांग बघावं लागलं नाही, त्यांनाही तोंडपाठ होतं.

‘मॅडम, एकविसाव्या शतकात ही अंधश्रद्धा—’ वकील म्हणाला.

‘अंधश्रद्धा असेल,’ अम्मा म्हणाल्या, ‘पण ती नियमित आहे. मिस्टर दिनानाथ, तुम्ही सांगा. हे सौदे राहुकालातच का?’

दिनानाथ उभा राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. पोरगं खोटं बोलण्यात फारसं मुरलेलं नव्हतं. ‘मॅडम, मला राहुकाल-बिहुकाल माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की सोमवार सोडला तर रोज तास-दीड तास चेन्नईत एकही फोन येत नाही. टर्मिनल रिकामं. हेड ऑफिसात आलेख निघतो, त्यात चेन्नईचा रोज खड्डा, आणि तोही दर वारी वेगळ्या जागी. त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय. इंजिनियर पाठवला. यंत्र ठीक निघालं. मग म्हणाले, खड्डा भर, नाहीतर घरी जा.’

‘मग तुम्ही भरलात.’

‘काकांच्या खात्यात हालचाल कमी असायची.’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. इतक्या दिवसांनी परत काका.

वकील ताडकन उठला. ‘तरीही, मॅडम, करार स्पष्ट आहे. व्यवहार ग्राहकाने केलेला असो वा नसो, त्यानेच केला असे मानले जाईल. त्यांनी ते मान्य केलं आहे. टिचकीची वेळसुद्धा नोंदलेली आहे.’

‘तुमच्याच माणसाने केला तरी?’

‘तरीही, असे मानले जाईल.’

अम्मांनी चष्मा काढून पुसला. ‘ठीक आहे. मग निकाल तुमच्या बाजूने लागला असं तुम्ही माना. मी उलट लिहिते.’

सप्टेंबरच्या एकोणिसाव्या तारखेला माझे तीनशे शेअर परत आले आणि नऊ हजार चारशे बारा रुपयांचं येणं रद्द झालं. सुब्बाला जिना न चढता वर्दी मिळावी म्हणून मीच खाली धावलो. पण अपिलाला तीन महिन्यांची मुदत असते, हे मुंबईच्या वकिलाने जाताना मुद्दाम थांबून सांगितलं. आणि एका तमिळ पेपराने माझ्या फोटोसकट बातमी छापली: ‘राहुकाल निष्ठेने पाळणाऱ्या वृद्धाला न्याय’. अनोळखी बायका मला देवळात वाट करून देऊ लागल्या. माझ्या चाळीस वर्षांच्या जाहीर आयुष्याची अशी वाट लागली. पण मी म्हटलं, जाऊ दे. प्रश्न तर विचारता येईल.

अठ्ठावीस तारीख, शुक्रवार. सभा दहाला सुरू. अहवाल, नफा, इरुंगाट्टुकोट्टैच्या नव्या शेडचे रंगीत फोटो. बाहेर फाटकाशी सुब्बा आणि वीस-पंचवीस म्हातारे उभे. त्यांना आत सोडत नाहीत, त्यांच्याकडे शेअर नाहीत. दहा पस्तीसला कार्तिकेय म्हणाला, ‘भागधारकांचे प्रश्न.’

मी उठलो. माइक हातात घेतला.

‘राव सार!’ कार्तिकेयाचा चेहरा उजळला. तो तसा नुसता उजळला की मला भीती वाटते. ‘तुमच्याबद्दल पेपरात वाचलं. आम्हा सगळ्यांना अभिमान आहे.’ टाळ्या. ‘पण सार, आत्ता दहा पस्तीस. शुक्रवार. राहुकाल लागलाय. तुमच्यासारख्या निष्ठावान माणसाला आत्ता महत्त्वाचा प्रश्न विचारायला लावणं मला शोभणार नाही. तुमचा प्रश्न बारानंतर घेऊ.’

मी तोंड उघडलं. ‘मी राहुकाल मा—’

सेतुमाधवाने माझा शर्ट खाली ओढला. ‘प्रतिज्ञापत्र, जनकोजी! अपिलाची मुदत आहे अजून! इथें पेपरवाले आहेत!’

मी बसलो. प्रश्न चालू राहिले. एकाने कॅलेंडर जाड कागदावर का नाही ते विचारलं, दुसऱ्याने फराळाच्या पाकिटातला लाडू लहान झाल्याची तक्रार केली. अकरा पन्नासला आभाराचा ठराव मांडला, अकरा एक्कावन्नला मंजूर झाला, आणि कार्तिकेय मला लांबून नमस्कार करून बाजूच्या दाराने गाडीकडे गेला.

बारा वाजून एक मिनिटाने मी उभा राहिलो आणि प्रश्न विचारला. पूर्ण, दोन उपप्रश्नांसकट, खणखणीत आवाजात. समोर तीनशे खुर्च्या होत्या आणि त्या एकावर एक रचणारा मंडपवाल्याचा माणूस. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘दवाखान्याचं मला काही ठाऊक नाही, सार,’ तो म्हणाला. ‘पण तुम्ही उभेच आहात तर ती मागची खुर्ची द्या.’

मी दिली.